माऊचं ताट : वाटी भरून ठेवली तर बिघडलं कुठं?

या महिन्याची पत्रं आणि मेल एकत्र काढून बसले तर निम्म्याहून जास्त मांजरांच्या ड्राय फूडबद्दलच निघाली. आपल्याकडे त्याला कुणी दाणे म्हणतं, कुणी बिस्किटं, कुणी सरसकट व्हिस्कस म्हणून मोकळं होतं, मग पॅकेट कुठल्या का कंपनीचं असेना. मी दवाखान्यात दिवसभर हेच बोलत असते, त्यामुळे एखादं उत्तर फटकळ वाटलं तर समजून घ्या. नावं छापत नाही, गाव तेवढं छापते.

आमचा बोका टायगर तीन वर्षांचा आहे, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं, घराबाहेर जात नाही. मागच्या आठवड्यात वजन केलं तर ६.८ किलो! आम्ही दोघंही सकाळी सातची लोकल पकडतो, म्हणून निघताना वाटी भरून ठेवतो आणि रात्री परत भरतो. तो एकदम बसून खातच नाही हो, येता-जाता दोन-चार दाणे. मग वजन कशाने वाढलं? जातच तशी असेल का? (डोंबिवली)

जात-बित काही नाही, वाटी. तुम्ही लिहिलंय ‘वाटी भरून’, म्हणून मी मुद्दाम आमची आमटीची वाटी काठोकाठ भरली आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर दाणे भरले ७२ ग्रॅम. अशा दोन वाट्या म्हणजे १४४. बहुतेक ड्राय फूडमध्ये १०० ग्रॅमला साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतात, आणि चार किलोच्या, ऑपरेशन झालेल्या, घरातच असणाऱ्या मांजराला दिवसाला लागतात २०० ते २४० च्या आसपास. म्हणजे ५५ ते ६५ ग्रॅम, तेसुद्धा अख्ख्या दिवसाचे. तुमची एक वाटीच त्याच्या दिवसाच्या वर जातेय आणि तुम्ही दोन भरताय. तो ‘दोन-चार दाणे’ खातो हे खरंच असेल, पण दिवसातून पंधरा-वीस वेळा खात असेल, आणि तुम्ही तेव्हा ठाण्याच्या पुढे असता.

ऑपरेशननंतर मांजराची गरज कमी होते आणि भूक मात्र वाढते. हे कुणी सांगत नाही, आम्ही डॉक्टरसुद्धा टाके बघतो, बिल करतो आणि हे सांगायचं राहून जातं, त्याबद्दल माझ्या जातभाईंच्या वतीने सॉरी.

आता करायचं काय. एक किचन स्केल घ्या. वाटी, मूठ, पॅकेटबरोबर येतो तो कप, काही उपयोगाचं नाही. माझी मूठ ३० ग्रॅमची आहे आणि आमच्या ह्यांची ५० ची, आणि आमच्या घरी वर्षभर आम्ही दोघंही आमच्या मांजरीला, ठमीला, ‘फक्त दोन मुठी’ घालत होतो आणि तिचं वजन एक महिना वाढायचं एक महिना उतरायचं, ह्यांची फिरतीची नोकरी आहे हे लक्षात यायला मला डॉक्टर असून किती दिवस लागले ते विचारू नका. टायगरची चण बघितल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही पण त्याचं वजन पाच किलोच्या आसपास असायला हवं असं धरलं तर उतरवण्यासाठी दिवसाला साधारण १९० कॅलरी, म्हणजे ५० ग्रॅमच्या आसपास दाणे. रात्रीच एका डबीत दुसऱ्या दिवसाचे मोजून ठेवा, आणि सकाळी, संध्याकाळी, झोपताना त्याच डबीतून घाला. कुणाला लाड करायचे असतील तर त्यातलेच दाणे घेऊन करायचे. डबी रिकामी झाली की दुकान बंद.

पण एकदम निम्मं करू नका आणि उपाशी तर अजिबात ठेवू नका. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस खाल्ल्याविना राहिलं की अंगातली चरबी लिव्हरमध्ये जाऊन साठते, कान आणि डोळे पिवळे पडतात, आणि त्यातून मांजर दगावू शकतं. माणसाचा एकादशीचा हिशोब त्याला लावू नका. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू कमी करत ५० वर या. आठवड्याला ३५ ते ७० ग्रॅम उतरलं तरी भरपूर. म्हणजे सहा महिने ते वर्ष लागणार, तयारी ठेवा. वजन करायला आधी स्वतः काट्यावर उभं राहायचं, मग त्याला घेऊन.

आणि बरगड्या बघा. हाताची मूठ वळून तिच्या पाठीवरून, म्हणजे बोटांच्या पेरांवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवा, तशा बरगड्या लागल्या तर मांजर फार बारीक. हात उघडा ठेवून त्याच्या मागच्या बाजूवरून बोटं फिरवा, तसं लागलं तर झकास. बरगड्या शोधाव्याच लागल्या तर टायगर.

सहा आठवड्यांचं पिल्लू सापडलंय. सासूबाई त्याला गाईचं दूध आणि दूध-पोळी देतात, म्हणतात आम्ही सगळी मांजरं अशीच वाढवली. पिल्लाला सारखं पातळ होतंय. (सातारा)

सासूबाईंना सांगा, त्यांची मांजरं दूध-पोळीवर वाढली नव्हती, कोठारातल्या उंदरांवर वाढली होती. दूध हा वरचा चहा होता. फ्लॅटमधल्या पिल्लाला उंदीर कुठून आणणार? गाईच्या दुधातली साखर पचवायची ताकद आईचं दूध सुटलं की कमी होत जाते, म्हणून पातळ होतं. आजच बंद करा.

पिल्लांसाठीचं ड्राय फूड आणा, किटन असं लिहिलेलं. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून बोटाने कुस्करा, बाळाला पेज देतो तेवढं सैल. दिवसातून चार-पाच वेळा. तासाभरात संपलं नाही तर टाकून द्या, आपल्या हवेत भिजवलेलं लगेच आंबतं. रोज पाणी थोडं थोडं कमी करत न्या, आठव्या आठवड्यापर्यंत कोरडे दाणे कुरकुर चावायला लागेल. या वयात मोजून मापून देऊ नका, खाऊ दे. पिल्लू आठवड्याला साधारण १०० ग्रॅमने वाढायला हवं, तेवढं बघा. सहा महिन्यांपर्यंत तीन-चार वेळा खायला, नंतर दोन-तीन वेळा, आणि किटन फूड वर्षाचं होईपर्यंत. जुलाब दोन दिवसांत थांबले नाहीत किंवा पिल्लू मलूल झालं तर डॉक्टरकडे, कारण एवढासा जीव सुकायला वेळ लागत नाही.

आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही. पार्किंगमध्ये सापडलेली मनी आता वर्षाची आहे, दहीभात, पनीर आणि तूप-पोळी मिटक्या मारत खाते. आई म्हणते ती पण आपल्यासारखीच झाली. तिला व्हेज कॅट फूड सुरू करावं का? (कोथरूड, पुणे)

मिटक्या मारते म्हणजे पोसली जाते असं नाही, आपणही वडापाव मिटक्या मारत खातो.

मांजर शरीराने पक्कं मांसाहारी आहे, त्यात तिची आवड-निवड हा प्रश्नच येत नाही. आपल्याला गाजर खाऊन अ जीवनसत्त्व तयार करता येतं, तिला येत नाही. टॉरिन नावाचा एक घटक कुत्रा शरीरात बऱ्यापैकी बनवतो, मांजर पुरेसा बनवू शकत नाही, तो खाण्यातूनच यावा लागतो. तो कमी पडला की डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदय फुगून पातळ पडतं, आणि हे होईपर्यंत मांजर छान खेळत असतं. ज्यांच्याकडे कुत्राही आहे त्यांनी हे वाचून घ्या, कुत्र्याचं पॅकेट मांजराला चालत नाही ते याच कारणाने.

व्हेज फूडमध्ये टॉरिन वरून घालतात, खरं तर ते मांसाच्या ड्राय फूडमध्येही वरून घालतात, त्यामुळे कागदावर हिशोब जुळवता येतो. पण कागद आणि मांजर यात मी मांजर बघते, आणि मी स्वतः कुणाला सुचवत नाही. तुमच्यासारख्या घरांसाठी साधं चिकनचं ड्राय फूड हाच उत्तम मार्ग आहे. शिजवायचं नाही, फ्रीजमध्ये ठेवायचं नाही, चमचा वेगळा, डबा बाल्कनीत. माझ्याकडे येणारी एक आजी सोवळ्याचं सगळं आवरून मग लांब दांड्याच्या पळीने दाणे वाढते आणि तोंड दुसरीकडे करते. तिचं मांजर सतरा वर्षांचं आहे. दहीभाताचा चमचाभर लाड चालेल.

घरात तीन मांजरं, चार महिन्यांची चकली, पाच वर्षांचा बंड्या, बारा वर्षांची राणी. प्रत्येकाचं वेगळं पॅकेट परवडत नाही. ‘ऑल लाइफ स्टेजेस’ लिहिलेलं एकच घेतलं तर चालेल का? आणि पॅकेटच्या मागे नेमकं काय वाचायचं? शिवाय तिघं एकमेकांच्या वाटीतलं खातात, त्याचं काय करायचं? (म्हापसा, गोवा)

चालेल, पण त्या शब्दांचा अर्थ समजून घ्या. अमेरिकेत आफ्को नावाची एक संस्था आहे, ती प्राण्यांच्या खाण्याचे मापदंड ठरवते आणि बऱ्याच देशांत कंपन्या तेच छापतात. ती स्वतः कुठलंही फूड तपासत नाही किंवा पास करत नाही, त्यामुळे ‘आफ्को अप्रूव्ह्ड’ असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. तिच्या हिशोबात मांजराच्या अवस्था दोनच. एक वाढीची, त्यात गाभण आणि पाजणाऱ्या मांजरी पण आल्या, आणि दुसरी मोठ्या मांजराची. पाणी वगळून मोजलं तर वाढीला प्रोटीन किमान ३० टक्के, मोठ्याला किमान २६. ‘ऑल लाइफ स्टेजेस’ म्हणजे जे पिल्लाच्या कडक मापात बसतं ते. म्हणजेच ते पिल्लाचं फूड आहे असं समजून घ्यायचं. चकलीला उत्तम. बंड्याला चालेल पण मोजून, कारण ते सहसा जास्त कॅलरीचं असतं. राणीच्या किडन्या चांगल्या असतील तर तिलाही चालेल, नसतील तर नाही, म्हणून बारा वर्षांच्या राणीचं रक्त आणि लघवी वर्षातून एकदा तपासा आणि मग ठरवा. आणि हो, ‘सीनियर’ किंवा ‘७+’ अशी अवस्था आफ्कोच्या यादीत नाहीच, ते कंपनी आपापल्या मनाने ठरवते. एका कंपनीचं सीनियर कमी कॅलरीचं, दुसऱ्याचं जास्त.

पॅकेटच्या मागे प्रोटीन, फॅट, फायबर, ओलावा एवढं लिहितात, कर्बोदकं बहुतेक लिहीत नाहीत. ती आपण काढायची. समजा प्रोटीन ३२, फॅट १०, फायबर ४, ओलावा १० आणि राख म्हणजे खनिजं साधारण ८, बेरीज ६४, शंभरातून वजा केली की ३६ टक्के. एवढं पीठ कशाला असं वाटेल, तर त्याशिवाय दाणा बनतच नाही. मांसाची पूड, तांदूळ किंवा मका, वाफ आणि दाब, सोऱ्यातून चकली पाडावी तसं मशीनमधून पाडतात, आणि भाजणी कमी पडली की चकली मोडते तसंच इथे. मग वरून तेल आणि वासाचा फवारा. ओल्या खाण्याच्या पाऊचशी तुलना करताना एक लक्षात ठेवा, पाऊचवर प्रोटीन १० टक्के दिसलं की लोक नाक मुरडतात, पण त्यात ८० टक्के पाणी असतं. पाणी काढलं तर १० चे होतात ५० टक्के, आणि ड्राय फूडचे ३२ होतात ३५-३६.

‘नामांकित कंपनी म्हणजे निर्धास्त’ असंही तुम्ही पुढे लिहिलंय. बऱ्याच अंशी हो. पण १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की हृदय फुगून मरणारी मांजरं बाजारातलं तयार फूडच खात होती आणि त्यातलं टॉरिन कमी पडत होतं. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं आणि तो आजार जवळजवळ गायब झाला. म्हणजे तेव्हाही पॅकेटवर ‘संपूर्ण आहार’च लिहिलेलं असणार. म्हणून मी दोन चांगल्या कंपन्यांचं आलटून-पालटून द्यायला सांगते. बदलताना मात्र सात ते दहा दिवस घ्या, जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत, नाहीतर लिटर ट्रे, म्हणजे मांजराचा शी-शूचा ट्रे, बघवणार नाही.

राहिला प्रश्न तिघांनी एकमेकांचं खाण्याचा. पुठ्ठ्याच्या खोक्याला चकली जाईल आणि बंड्या अडकेल एवढंच भोक पाडा आणि तिची वाटी आत ठेवा. मोठी झाली की हा उपाय संपला, तोपर्यंत वेळा ठरवून, वीस मिनिटांनी वाट्या उचलायची सवय लागलेली असेल.

पावसाळ्यात दाणे सादळतात, आणि वाटीला मुंग्या! मुंग्यांचा खडू ओढला तर चालेल? भाटीला सुकट पण आवडतं, दाण्यांत मिसळून देतो. (रत्नागिरी)

खडू अजिबात नको. त्यातलं औषध मांजराला फार वाईट, पंजाला लागतं आणि पंजा तोंडात जातो. जुना उपाय करा, ताटलीत पाणी आणि मध्ये वाटी. दाणे पॅकेटसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, डब्यात मोकळे ओतू नका, आधीच्या दाण्यांचं तेल डब्याला धरून खवट होतं. पॅकेट फोडलं की महिनाभरात संपेल एवढंच घ्या. दुकानात पोत्यातून सुट्टे मिळतात ते स्वस्त पडतात म्हणून मीसुद्धा एकदा भटक्या मांजरांसाठी पाच किलो आणले होते, घरी येऊन हात घातला तर तळाशी हिरवट बुरशी. तारीख नाही, बॅच नाही, भांडायचं कुणाशी? सादळलेल्या दाण्यांतली बुरशी लिव्हरचं नुकसान करते, तव्यावर परतून ते विष जात नाही.

सुकट बिनमिठाचं असेल तर धुऊन, उकडून, कधीतरी चिमूटभर. खारवलेलं नको. रस्सा-आमटी कालवून तर कधीच नको, कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या पेशी फुटतात.

बोका दोन वर्षांचा, फक्त ड्राय फूडवर. कालपासून सारखा ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय, ओरडतोय, काही होत नाही. कोरडं खाऊन बद्धकोष्ठ झाला असेल म्हणून एरंडेल देऊ का? (नाशिक)

हा मेल उघडल्याबरोबर मी फोन केला, कारण अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखं हे नव्हतं. इथे देते ते बाकीच्यांसाठी. बोका ट्रेमध्ये कुंथतोय म्हणजे संडास नाही, लघवी अडकली असं आधी धरा. बोक्याची मूत्रनळी बारीक, त्यात खडे किंवा चिकट गोळा अडकला की एक-दोन दिवसांत विष अंगात भिनून हृदय बंद पडतं. रात्र असली तरी निघा. एरंडेल नको, आणि घरातली पॅरासिटामॉल तर बघूसुद्धा नका, ती मांजराला मारते. नाशिकच्या बोक्याला नळी घालून मोकळं केलं, तीन दिवस ठेवून घेतलं, आता घरी आहे.

दोष सगळा दाण्यांचा नाही, पण पाण्याचा हिशोब बघा. चार किलोच्या मांजराला दिवसाला सगळं मिळून २०० मिली पाणी लागतं. ६० ग्रॅम दाण्यांतून मिळतं जेमतेम ६ मिली. तेवढ्याच कॅलरीचं ओलं खाणं दिलं तर जवळपास सगळं त्यातूनच येतं. मांजर वाळवंटातल्या पूर्वजांचं वंशज, त्याला तहान उशिरा कळते, दाणे खाणारं मांजर थोडं जास्त पितं पण तूट पुरती भरत नाही. म्हणून एक वेळ तरी पाऊच किंवा बिनमिठाचं, बिनकांद्याचं उकडलेलं चिकन त्याच्या पाण्यासकट द्या. पसरट वाट्यांत दोन-तीन ठिकाणी पाणी, खाण्यापासून आणि ट्रेपासून लांब.

चौदा वर्षांची माऊ पूर्वीपेक्षा दुप्पट दाणे खाते, पाणी पण खूप पिते, तरी हाडं दिसायला लागलीत. कुठलं सीनियर फूड चांगलं? (ठाणे)

फूड नाही, आधी रक्त-लघवीची तपासणी. खाते आणि वाळते म्हणजे थायरॉइड किंवा डायबेटिस, पाणी पिते म्हणजे किडनीसुद्धा असू शकते. निदान झालं की खाणं त्यावर ठरेल. आणि ‘म्हातारं झालं, प्रोटीन कमी करा’ हे कुणी सांगितलं असेल तर ते सरसकट खरं नाही, म्हाताऱ्या मांजराचं मांस आधीच झडत असतं. दातही बघा. दाणे चावून दात साफ होतात हा गैरसमज आहे, बिस्किट खाऊन आपले होतात का?

मी सहावीत आहे. आमच्या चिंगीला रोज तेच तेच दाणे खाऊन बोअर होत नाही का? मी तिला लाल-हिरवे दाणे मिक्स करून आणायला सांगू का? आणि वरून थोडी साखर? (नागपूर)

रंग तुझ्यासाठी असतात, चिंगीसाठी नाही. ते विकत घेणारं माणूस खूश व्हावं म्हणून घालतात. आणि साखर तर तिला कळतच नाही, मांजराच्या जिभेला गोड चव ओळखताच येत नाही. तिला कळतो वास. थंडीत दाण्यांवर चमचाभर कोमट पाणी घाल, वास उठतो, मग बघ कशी धावत येते.

बोअर ती दाण्यांनी होत नाही, ते आयते मिळाल्याने होते. मांजर दिवसातून दहा-बारा वेळा छोटी छोटी शिकार करणारा प्राणी आहे आणि आपण तिला वाटी देतो. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे असतो ना, त्याच्या प्रत्येक खळग्यात दोन-दोन दाणे टाक आणि वर कागदाचे बोळे ठेव. तिच्या रोजच्यातलेच दाणे घ्यायचे, वेगळे नाहीत, आईला विचारून वजन करून. पहिल्या दिवशी किती मिनिटं लागली आणि आठव्या दिवशी किती, ते वहीत लिहून मला पाठव. आमच्या ठमीला पहिल्यांदा अकरा मिनिटं लागली होती, आणि शेवटचे चार दाणे तिने ट्रे उलटा करून काढले.